पाठ मागून बघण्याबाबत

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : इयत्ता पाचवी ते नववीच्या विद्यार्थ्यांची पाठ वर्षातून एकदा मागून बघण्याबाबत.

महोदय,

विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयात कोणीतरी गालातल्या गालात हसेल, हे मला ठाऊक आहे. वीस वर्षं बँकेत अर्ज वाचण्यात गेली, त्यामुळे ‘बाबत’वर संपणारी ओळ हातातून आपोआप उतरते. पण मागणी खरोखरच एवढी आहे. नवी योजना नको, वेगळा निधी नको, उद्घाटनाची तसदी नको. एका मुलामागे अर्धा-एक मिनिट कोणीतरी पाठीमागे उभं राहायचं आणि बघायचं.

माझ्या मुलीची पाठ अशी पहिल्यांदा बघितली ती आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंनी. मुलगी सातवीत होती. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य बसवलं होतं, त्यासाठी चोळी शिवायची होती. काकूंनी एका खांद्याला टेप लावली, मग दुसऱ्या, मग तिला पाठमोरी उभी केली आणि मला हाक मारली. “ताई, इकडं या जरा. पोरीचा उजवा खांदा वर आहे. आणि हे हाड बघा कसं बाहेर आलंय.” हाड म्हणजे खांद्याचा फरा. पाखरानं एकच पंख अर्धवट उचलावा तसा तो दिसत होता. कमरेला डावीकडे खोल वळी पडली होती, उजवी बाजू सपाट. मी बघत राहिले. मग काकू मापं लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, “सहावीचा युनिफॉर्म शिवताना पण जाणवलं होतं मला. उजवीकडं अर्धा इंच जास्त सोडला, म्हणून नीट बसला. म्हटलं, दप्तर एकाच खांद्यावर घेत असंल.”

त्या अर्ध्या इंचात आमचं दीड वर्ष शिवलं गेलं. काकूंना मी दोष देत नाही. कपडा नीट बसवणं हे त्यांचं काम आणि ते त्यांनी चोख केलं. राजेरजवाड्यांच्या बाबतीतही हेच झालेलं दिसतं. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड शेक्सपिअरनं कुबडा खलनायक करून ठेवला. २०१२ साली लेस्टर शहरात एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा कळलं की त्याला कुबड नव्हतंच. कणा बाजूला वळलेला होता. शिंपी चांगला असेल आणि चिलखत मापाचं असेल तर ते फारसं दिसलंही नसेल, असं अभ्यासकांनी नंतर लिहिलं. वाचताना मला काकूंची टेप आठवली.

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. पुढे पोक काढून बसणं वेगळं, क्षयामुळे मणका ढासळून येणारं कुबड वेगळं. इथे कणा बाजूला वळतो, इंग्रजी ‘एस’ किंवा ‘सी’सारखा, आणि वळता वळता स्वतःभोवती पिळलाही जातो. मणके पिळले की त्यांना जोडलेल्या फासळ्याही फिरतात, एका बाजूनं पाठीवर उचलल्या जातात. म्हणून मूल ताठ उभं असताना जे कपड्यात लपतं, ते कमरेत वाकल्यावर उघडं पडतं. पाठीची एक बाजू नांगरलेल्या शेताच्या बांधासारखी वर येते. डॉक्टरांनी माझ्या मुलीला वाकायला सांगितलं, गुडघे ताठ, दोन्ही तळवे जोडून हात खाली सोडलेले, आणि मला त्यांच्या खुर्चीशेजारी उभं केलं. मला शिकवावं लागलं नाही. कोणालाही दिसलं असतं.

मग उभ्यानं पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला. त्यावर पेन्सिलीनं दोन रेघा मारतात, वळणाच्या वरच्या टोकाच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्याला धरून, आणि त्यांच्यातला कोन मोजतात. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ मध्ये ही पद्धत मांडली. त्याच्याच नावानं कोन ओळखला जातो. १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. माझ्या मुलीचा कोन ३४ अंश होता.

माझा पहिला प्रश्न कोणत्याही आईचा असतो तोच : माझं काय चुकलं? दप्तर? एका कुशीवर झोपणं? कॅल्शियम? डॉक्टरांनी तिन्हींना नकारार्थी मान हलवली. दहा वर्षांनंतर दिसणाऱ्या स्कोलिओसिसपैकी बहुतेकांचं नेमकं कारण आजही कोणाला सांगता येत नाही; घराण्यात असेल तर शक्यता वाढते, इतकं कळतं. बाकी थोड्यांत कारण सापडतं. एखादा मणका जन्मतःच अर्धवट घडलेला असतो, किंवा सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार यांमुळे कण्याला दोन्ही बाजूंनी सारखा आधार मिळत नाही. दप्तर मात्र या यादीत कुठेच नाही.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दप्तर हा आपल्या खात्याचा जिव्हाळ्याचा विषय. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त ओझं नको, हा नियम चांगलाच आहे; पोरांच्या मानेला, खांद्याला आराम मिळतो. माझ्या मुलीच्या शाळेत वजनकाटा आणून दप्तरं मोजलीही होती. दप्तर काट्यावर ठेवलं, आकडा वहीत लिहिला, दप्तर परत पाठीवर चढवलं. पाठ त्या सगळ्या वेळात तिथेच होती.

मुलगी दहा-अकराची होते तेव्हा आपल्या घरांत एक दार बंद होतं. तोवर आई न्हाऊ घालते, पाठ चोळते, नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावते. मग एक दिवस ती आतून कडी लावते आणि ‘माझं मी करीन’ म्हणते. यात काही गैर नाही, उलट बरंच आहे. पण हा कणा वळायला लागतो तो नेमका त्याच दाराआड. उंची सपाट्यानं वाढण्याचा काळ, मुलींत साधारण पाळी येण्याच्या आगेमागे, हाच वळण वाढण्याचा काळ. आईला पाठ दिसत नाही. मुलीला स्वतःची पाठ कधीच दिसत नसते. आणि बहुतेक वेळा दुखत काहीच नाही, म्हणजे डॉक्टरकडे जायला निमित्तही नाही. त्या वर्षा-दोन वर्षांत ती पाठ कोणाच्याच नजरेला पडत नाही.

फक्त पीटीच्या तासाला पडते. सावधान, विश्राम, हात वर, कमरेत वाका, अंगठे धरा. रथसप्तमीला सूर्यनमस्कार घालतात, त्यातलं पायाशी हात टेकवण्याचं आसन जवळजवळ तेच, जे डॉक्टर करायला लावतात. महाराष्ट्रात दररोज लाखो मुलं ही तपासणी देत असतात, महोदय. सर समोर उभे असतात, एवढंच. त्यांना दिसतात टाळू आणि वेण्या. पाठी दिसायला रांगेच्या मागे जावं लागतं.

वाकवून बघण्याची ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यामागची कथा विलक्षण आहे. गिडियन मँटेल हा इंग्लंडमधला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ. इग्वानोडॉन या डायनासोरचे दात ओळखून त्याला नाव देणारा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याची हाडं वाचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पाठीत काय आहे ते कळत नव्हतं. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातानंतर त्याच्या पाठीच्या वेदना सुरू झाल्या. कमरेशी आलेला उंचवटा गाठीचा आहे, असं समजलं गेलं. १८५२ मध्ये तो गेला. शवविच्छेदनात गाठ सापडली नाही, वळून पिळलेला कणा सापडला. तिथे हजर असलेल्या विल्यम ॲडम्स या शल्यविशारदानं त्या कण्याचा अभ्यास केला आणि १८६५ च्या आपल्या पुस्तकात पुढे वाकवून बघण्याचं महत्त्व मांडलं. आज जगभर ती ‘ॲडम्स चाचणी’ आहे. तिला लागणारं साहित्य : एक मूल, एक बघणारा, थोडा उजेड.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑर्थोपेडिक्स हा शब्द निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ मध्ये घडवला, दोन ग्रीक शब्द जोडून : ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायडिऑन’ म्हणजे लहान मूल. मुलांच्या शरीरातली व्यंगं आईबापांनी कशी टाळावी, कशी सुधारावी, यावरचं ते पुस्तक होतं. त्यात एका वाकड्या रोपाचं चित्र आहे, शेजारी रोवलेल्या दांडक्याला दोरीनं बांधलेलं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या अनेक संस्थांच्या बोधचिन्हावर ते झाड आजही दिसतं. आपण मराठीत या शास्त्राला अस्थिरोग म्हटलं. हाड आलं, रोग आला, मूल गळून पडलं. आता हमरस्त्यावरच्या फलकांवर गुडघे आणि खुबे बदललेले आजी-आजोबा हसत चालतात, आणि आम्हालाही तेच शास्त्र वाटतं. सातवीतल्या मुलीला ‘हाडांच्या डॉक्टर’कडे न्यायचं म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं, “का गं, पडली कुठं?”

आंद्रीच्या त्या दांडक्याचा आजचा अवतार म्हणजे ब्रेस. अंगाला प्लास्टर गुंडाळून साचा घेतात, त्यावरून टणक प्लास्टिकचं कवच बनतं, काखेपासून कमरेखालपर्यंत. पाठीमागे वेल्क्रोचे पट्टे. आत बिनशिवणीचा बनियन, नाहीतर घामानं कातडी सोलते. वर्गात पेन्सिल पडली तर वाकता येत नाही. शेजारची मैत्रीण उचलून द्यायची. सांगितलेले तास १८. मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज आकडा लिहायची : १७, १८, १८, १६. एका चौकोनात ९ आहे, त्या दिवशी तिच्या मामाचं लग्न होतं. मे महिन्याचं पान बघवत नाही. दुपारी दोन वाजता पंख्याखाली ती पट्टे सोडायला विनवायची आणि मी घड्याळाकडे बघायची. आईपणाच्या माझ्या कल्पनेत हे काम कधीच नव्हतं.

ब्रेसनं कणा सरळ होत नाही. वळण आहे तिथे थांबवायचा तो प्रयत्न असतो, आणि तो वाढ चालू आहे तोवरच. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्क्यांचं वळण वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिलं, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के. जी मुलं दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घालत होती, त्यांच्यात यश ९० टक्क्यांहून वर गेलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. ५० हा आकडा यासाठी, की छातीच्या भागातलं वळण त्यापुढे गेलं तर उंची वाढायची थांबल्यावरही ते वर्षाला साधारण अंशभर सरकत राहतं. ३० च्या आत राहिलं तर सहसा तिथेच राहतं. ४५-५० च्या पुढे बहुधा शस्त्रक्रियेचा विचार होतो. मणक्यांत स्क्रू, त्यांतून धातूच्या दोन दांड्या, आणि तेवढे मणके कायमचे एकमेकांत सांधलेले. शस्त्रक्रिया आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, पण ती करून घ्यायची हौस कोणाला नसते.

माझी मुलगी आता अकरावीत आहे. ब्रेस सुटला. वळण ३८ वर थांबलं आहे. ती पोहते, दोन जिने धावत चढते, आणि आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालत नाही.

उपचारांच्या त्या दीड-दोन वर्षांत ओपीडीच्या बाकड्यावर मी पुष्कळ बसले. एकदा शेजारी आटपाडीकडून आलेली एक बाई होती, सोबत पंधरा-सोळा वर्षांची लेक, दुपट्टा पाठीवरून घट्ट ओढून घेतलेला. तिचा कोन ७० च्या पुढे होता. आधी वर्षभर मालिश केलं होतं, मग एका हाडवैदानं ‘सरळ करतो’ म्हणून दाबून पाहिलं होतं. आईला एकच विचारायचं होतं, लग्न जमेल का, मूल होईल का. डॉक्टर म्हणाले की स्कोलिओसिस असलेल्या बायका आई होतात, त्यात अडचण नाही. लग्नाबद्दल ते काही बोलले नाहीत. आपल्या कथांमध्ये पाठ वाकलेल्या बाईला दोनच भूमिका मिळाल्या आहेत : रामाला वनवासाला धाडणारी मंथरा, नाहीतर कृष्णाच्या स्पर्शाची वाट बघणारी कुब्जा. हाडवैदाकडे जाणारी माणसं अडाणी म्हणून जात नाहीत. स्पर्शानं सरळ होतं, हे त्यांनी लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं असतं, आणि हाडवैद गावात असतो.

आता आपले अधिकारी जी हरकत घेतील ती मीच मांडते, कारण ती खरी आहे. सरसकट सगळ्या शाळकरी मुलांना असं तपासावं का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ समितीनं २००४ मध्ये याविरुद्ध शिफारस केली होती : किरकोळ वळणांची मुलं धरली जातात, विनाकारण एक्स-रे होतात, आईबाप घाबरतात. २०१८ मध्ये त्यांनी विरोध मागे घेतला, पण पाठिंबाही दिला नाही. बाजूनं किंवा विरुद्ध सांगायला पुरावा पुरेसा नाही, असं म्हटलं. जपानमध्ये मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळेत पाठ तपासली जाते, हाँगकाँगमध्ये १९९५ पासून.

हे सगळं वाचूनही मी हे पत्र लिहिते आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच मुलांना दरवर्षी नेमानं तपासणारा स्वतःचा डॉक्टर असतो, शाळेनं नाही बघितलं तर तो बघतो. आपल्याकडे तापाशिवाय दहा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात कोण नेतं? आणि एक्स-रेची भीती रास्त असली तरी तिच्यावर उपाय आहे. गवंड्याच्या पाणसळीसारखं एक छोटं साधन मिळतं, स्कोलिओमीटर. वाकलेल्या पाठीवर आडवं ठेवलं की पाठ किती कलली ते अंशांत दाखवतं. साधारण ७ अंशांच्या पुढे असेल तरच पुढे पाठवायचं. शाळेत फक्त डोळ्यांनी बघणं, शंका आली तर तालुक्याला पाणसळ, तिथेही शंका राहिली तरच जिल्ह्याच्या रुग्णालयात एक्स-रे. १० ते १६ वयाची हजार मुलं घेतली तर २० ते ३० जणांना १० अंशांहून जास्त वळण सापडतं. उपचार लागावेत अशी त्यांत दोन-तीन. बारीक वळणं मुलगे-मुलींत जवळपास सारखी, मोठी मात्र बहुतांशी मुलींत.

यासाठी माणसंही नव्यानं नेमायला नकोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात, पथकात स्त्री डॉक्टर असते. त्यांच्या मूळ यादीत ३० विकार आहेत. जन्मतः वळलेली पावलं आहेत, निखळलेला खुबा आहे, दात आहेत, कान आहेत. वाढत्या वयात वळणारा कणा नाही. कार्यक्रम आरोग्य खात्याचा आहे, हे मला माहीत आहे, आणि हा कागद ‘आमच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा घेऊन परत येऊ शकतो हेही. पण मुलं आपल्या ताब्यात असतात, पीटीचा तास आपला आहे, शाळेतलं आरोग्यपत्रक भरून घेणारे शिक्षक आपले आहेत. उंची, वजन, डोळे, दात यांच्या शेजारी ‘पाठ’ असा एक रकाना लागेल.

मुलींची पाठ स्त्री डॉक्टरनं किंवा बाईंनीच बघावी, पडद्याआड, एका वेळी एकच मुलगी. कुणाच्या पाठीबद्दल वर्गात बोलायचं नाही, पालकांना बोलावून सांगायचं. हे मला लिहावं लागतं आहे, कारण माझ्या मुलीला ब्रेस लागल्यावर एका शिक्षकानं तिला तासाला ‘रोबोट’ म्हटलं होतं. शिक्षक वाईट नव्हते. त्यांना ते लाडानं म्हणायचं होतं.

पत्र पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली आणि कालनिर्णयचं राहू दे म्हणाली.

आपली नम्र,
एक पालक

ता. क. : शिवणवाल्या काकू आता माप घेताना प्रत्येक पोरीला आधी वाकायला लावतात. गेल्या तीन वर्षांत त्यांनी तिघींच्या आयांना माझ्याकडे पाठवलं. दोघींना काही नव्हतं. तिसरीला १४ अंशांचा बाक निघाला. ती पाचवीत आहे, दर सहा महिन्यांनी दाखवून येते, आणि तिच्या युनिफॉर्मचे दोन्ही खांदे काकूंनी सारखे शिवले आहेत.